गुर्जिस्तानचा कोशकार सुलखान-साबा ऑर्बेलियानी

कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस असलेल्या ज्या देशास हल्लीं जॉर्जिया म्हणतात, त्यास फारसी ग्रंथकार गुर्जिस्तान म्हणत. जुन्या फारसी कागदांशीं ज्यांचा परिचय आहे त्या वाचकांस हें नांव अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. त्या देशांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जन्मलेल्या एका ग्रंथकाराची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या इकडील पोथ्या व दप्तरें सोडून इतक्या दूरच्या पुरुषाकडे वळण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, विष्णुशर्म्याचे करटक व दमनक हे दोन कोल्हे इराण, अरबस्तान असा फेरा करून ज्याच्या लेखणीखालून गेले, तो हा पुरुष होय. आणि त्याच्या मुख्य ग्रंथाच्या हस्तलिखितांचा जो इतिहास आहे, त्यांत पोथ्या जमविणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत घ्यावा असा एक प्रश्न दडलेला आहे.

प्रथम देशस्थिति. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गुर्जिस्तानचें एकछत्री राज्य मोडून कार्तली, काखेती व इमेरेती अशीं तीन राज्यें झालीं. सन १५५५ च्या तहानें पश्चिमेकडील भाग तुर्कांच्या व पूर्वेकडील भाग इराणच्या सफवी शहांच्या वर्चस्वाखालीं गेला. कार्तलीचा राजा हा आपल्या प्रजेस राजा, परंतु शहाच्या दरबारीं केवळ वली, म्हणजे सुभेदार. आणि गादी पाहिजे तर निदान नांवापुरता तरी इस्लाम स्वीकारला पाहिजे, अशी अट. ही अट न मानल्यास काय होई याची साक्ष गोव्यांत होती. काखेतीच्या तैमुराझ राजाची माता केतेवान हिनें धर्म सोडण्याचें नाकारल्यावरून पहिल्या शहा अब्बासाच्या आज्ञेनें सन १६२४ मध्यें शिराझ येथें तिचा छळ करून वध झाला. तेथील ऑगस्टिनियन पाद्र्यांनीं तिच्या अस्थींचा कांहीं भाग गोव्यास आणून आपल्या मठांत ठेविला. जुन्या गोव्यांतील त्या मठाच्या पडक्या वास्तूंत उत्खनन होऊन सन २००४ मध्यें अस्थि मिळाल्या, हैदराबादेच्या प्रयोगशाळेंत त्यांची परीक्षा झाली, आणि सन २०२१ मध्यें हिंदुस्थान सरकारनें त्या जॉर्जियास अर्पण केल्या.

अशा कार्तली राज्यांत तांद्झिया या गांवीं सन १६५८ मध्यें (शके १५८०) सुलखानाचा जन्म झाला. ऑर्बेलियानी हें घराणें देशांतील पहिल्या प्रतीच्या सरदारांपैकीं. बाप वाख्तांग हा राज्याचा मुख्य न्यायाधीश. राजा अकरावा गिओर्गी याची माता रोदाम ही सुलखानाची आत्या. तेव्हां राजा त्याचा आतेभाऊ झाला, व सुलखानाचें शिक्षण राजवाड्यांतच झालें. पुढें गिओर्गीचा पुतण्या वाख्तांग, जो सहावा वाख्तांग म्हणून इतिहासांत प्रसिद्ध आहे, त्याचा तो गुरु झाला. गुरुशिष्यांची ही जोडी अखेरपर्यंत टिकली.

सन १६८८ मध्यें शहानें गिओर्गीस पदच्युत करून काखेतीच्या घराण्यांतील एकास कार्तलीच्या गादीवर बसविलें. हाच गिओर्गी पुढें गुर्गीनखान या नांवानें शहाचा सरदार म्हणून कंदाहारास गेला व सन १७०९ मध्यें मीर वैस अफगाणाच्या हातून मारला गेला. राजा गेला तशी राजपक्षाच्या सरदारांवरही आपत्ति कोसळली. सुलखानानें सन १६९८ मध्यें गारेजा येथील मठांत संन्यास घेतला, आणि साबा हें त्याचें संन्यासाश्रमांतील नांव. म्हणून त्यास सुलखान-साबा असें जोडनांवानें ओळखतात. आम्ही यापुढें नुसतें साबाच म्हणूं. गारेजाचे मठ ओसाड, निर्जल टेंकड्यांत खडक कोरून केलेले आहेत. आपल्या सह्याद्रींतील लेणीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस त्या स्थळाची कल्पना सहज येईल.

साबाचें मुख्य कार्य म्हणजे त्याचा कोश. ‘सितक्विस कोना’ असें त्याचें नांव असून त्याचा अर्थ शब्दांची जुडी किंवा गुच्छ असा होतो. राजा गिओर्गीच्या इच्छेवरून सन १६८५ मध्यें, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें यास आरंभ केला आणि सन १७१६ पर्यंत तो तें काम करीतच होता. राज्य गेलें, संन्यास झाला, परदेशचा प्रवास झाला. कोश सुटला नाहीं. यांत सुमारें १७००० शब्द आहेत. त्यापूर्वीं गुर्जी भाषेचा छापील कोश म्हणावा असा एकच, सन १६२९ मध्यें रोम येथें निघालेला गुर्जी-इतालियन कोश. तो पाद्र्यांच्या सोयीसाठीं केलेला व तीन हजारांवर थोडे शब्द असलेला. साबाचा कोश गुर्जी शब्दाचा अर्थ गुर्जींतच सांगतो. प्रस्तावनेंत तो म्हणतो कीं, पूर्वीं आपल्या देशांत असा ग्रंथ होता, परंतु काळाच्या धामधुमींत तो नष्ट झाला, आणि जो तो आपल्या लहरीप्रमाणें बोलूं लागल्यामुळें भाषा बिघडली.

ही तक्रार नुसती पंडिती नव्हे. गुर्जी वाङ्मयाचा आरंभ पांचव्या शतकांत झाला. बायबलाचीं जुनीं भाषांतरें, ग्रीक तत्त्ववेत्त्यांवरील टीका, साधूंचीं चरित्रें असें विपुल लेखन मठामठांतून पडलें होतें. साबाच्या काळीं दरबारांत फारसीचें प्राबल्य, बाजारांत तुर्कीचें, आणि जुन्या पोथ्यांतील शब्द वाचतां येत पण त्यांचा अर्थ लागत नसे. लिपीचाही भेद होताच. धर्मग्रंथांची कोनदार लिपि वेगळी व व्यवहाराची वाटोळी लिपि वेगळी. बाळबोध आणि मोडी यांसारखाच हा संसार. अशा वेळीं साबानें जें केलें तें असें: त्यानें जुन्या पोथ्या मिळवून वाचल्या, शब्द टिपले, आणि शब्द कोठें आला आहे तें स्थळ जागोजाग नोंदिलें. बायबलांतील शब्द असला तर अध्याय व वचन यांचा अंक. प्रोक्लस किंवा दमास्कसचा योहान यांच्या भाषांतरांतून घेतलेला असला तर त्या ग्रंथाचा निर्देश. परकी शब्द दिसला तर हा इतरांच्या भाषेचा आहे असें तो सांगून ठेवतो. त्याच्या कांहीं प्रतींत शब्दापुढें तुर्की, आर्मेनियन व इतालियन प्रतिशब्दही दिलेले आहेत.

अमरकोशावर वाढलेल्या आम्हां लोकांस ही पद्धति पाहून कौतुक वाटतें. अमरसिंहाचा ग्रंथ मुखोद्गत करण्यासाठीं आहे. म्हणून तो श्लोकबद्ध, वर्गवार आणि पर्यायप्रधान. त्यांत शब्द कोठून आला हें सांगण्याची गरज नव्हती, कारण तें काम टीकाकारांचें. साबाचा कोश वाचतां वाचतां अडलेल्या माणसासाठीं आहे. म्हणून तो अक्षरानुक्रमानें लावलेला आणि आधारासहित. आमच्याकडे त्याच सुमारास झालेला कोशप्रयत्न म्हणजे शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितानें रचिलेला राजव्यवहारकोश. दोघांचीही प्रेरणा राजाची आणि दोघांसमोरही फारसीचा लोट. परंतु उपाय भिन्न. रघुनाथ पंडितानें चालू यावनी शब्दास संस्कृत प्रतिशब्द घडवून दिला. साबानें नवा शब्द घडविण्यापेक्षां आपल्याच भाषेंतला विसरलेला शब्द शोधून आणण्यावर भर दिला. आमच्या मतें दुसरें काम अधिक कष्टाचें आहे. त्यास पोथ्या लागतात आणि आयुष्य लागतें.

बायबलाच्या पोथीवरही त्यानें असेच श्रम केले. जुन्या कराराचीं प्रकरणें ठिकठिकाणच्या पोथ्यांत विखुरलेलीं होतीं. तीं एकत्र करून, अध्याय व वचनें यांची विभागणी करून त्यानें एक मोठें हस्तलिखित सिद्ध केलें. विभागणीसाठीं त्यानें सन १६६६ मध्यें छापलेल्या आर्मेनियन बायबलाचा आधार घेतला. म्त्स्खेता येथील प्रत म्हणून हें प्रसिद्ध असून आज तिबिलिसीच्या राष्ट्रीय हस्तलिखित केंद्रांत आहे. आर्मेनियन छापील प्रतीचे, आणि तिच्या द्वारें लॅटिन पाठाचे, संस्कार त्यांत शिरले असल्यामुळें प्राचीन पाठ शोधणाऱ्यानें ती सावधपणें वापरली पाहिजे. परंतु दुसरीकडे न आढळणारा मजकूर तींत असल्यानें ती टाकतांही येत नाहीं.

आतां त्याच्या कथांकडे वळूं. तरुणपणीं साबानें एक कथासंग्रह लिहिला. त्याच्या नांवाचा अर्थ ‘असत्यांतील शहाणपण’ असा आहे. फिनेझ नांवाच्या राजास उतारवयांत पुत्र होतो, त्याचें नांव जुंबर. त्याच्या शिक्षणासाठीं लेओन नांवाचा गुरु मिळतो. लेओन राजपुत्रास लाडांत न ठेवतां भूक, चालणें, कष्ट यांची संवय लावतो. अंतःपुराचा रक्षक रुका यास तें खपत नाहीं. राजा, प्रधान सेद्राक, गुरु व रुका यांचा वाद चालतो, आणि प्रत्येक जण आपलें म्हणणें एकेका गोष्टीनें मांडतो. गोष्टींतून गोष्ट निघण्याचा हा प्रकार वाचला कीं महिलारोप्याचा अमरशक्ति आणि त्याचे तीन पुत्र आठवल्याशिवाय राहत नाहींत. तथापि सांगाडा एक म्हणून गोष्टीही त्याच, असें मात्र समजूं नये. साबाच्या बहुतेक गोष्टी पंचतंत्रांतल्या नव्हेत, व त्याच्या गुरूस विष्णुशर्म्याची सहा महिन्यांची घाईही नाहीं.

नमुन्यादाखल एक सारांशानें देतों. एक राजा एका डोळ्यानें आंधळा व एका पायानें लंगडा होता. एका चिताऱ्यानें त्यास आहे तसा रंगविला. अपमान केला म्हणून त्याचें डोकें गेलें. दुसऱ्यानें धडधाकट रंगविला. खोटें दाखविलें म्हणून त्याचेंही गेलें. तिसऱ्यानें राजा शिकार करतांना दाखविला: अधू पाय दगडावर टेकलेला, आंधळा डोळा नेम धरण्यासाठीं मिटलेला, बंदूक हरणावर रोखलेली. त्यास बक्षीस मिळालें. शहाच्या दरबारांत ज्याच्या घराण्यानें पिढ्यानुपिढ्या डोकें संभाळून वावर केला, त्या माणसास ही गोष्ट कशी सुचली असेल हें फोडून सांगावयास नको.

सन १७१२ मध्यें वाख्तांग, जो तोंवर चुलत्याच्या व पुढें भावाच्या वतीनें कारभार पाहत होता, शहाकडे गेला. इस्लाम स्वीकारण्यास नकार दिल्यामुळें त्यास इराणांत अडकवून ठेवण्यांत आलें. शिष्याच्या सुटकेसाठीं साबा, पंचावन्न वर्षांचा संन्यासी, सन १७१३ मध्यें युरोपास निघाला. त्यानें स्वतः कॅथलिक पंथ स्वीकारलेला होता, व रिशार नांवाचा फ्रेंच पाद्री त्याच्या सोबत होता. कॉन्स्टँटिनोपलवरून तो फ्रान्सास गेला, सन १७१४ मध्यें चौदाव्या लुई राजास भेटला, नंतर रोमास जाऊन अकराव्या क्लेमेंट पोपास भेटला. आदरसत्कार उत्तम झाला, आश्वासनेंही मिळालीं. पदरांत कांहीं पडलें नाहीं. स्पेनच्या वारसाहक्काच्या दीर्घ युद्धांतून फ्रान्स नुकतेंच बाहेर पडत होतें, राजा वृद्ध झालेला. सन १७१५ च्या सप्टेंबरांत तो वारलाच. माल्टा व कॉन्स्टँटिनोपल या वाटेनें साबा परत आला तों इकडे सन १७१६ मध्यें वाख्तांगानें इस्लाम स्वीकारून सुटकेचा मार्ग पत्करिला होता. शिवाय पंथ बदलल्यावरून स्वदेशींचे धर्माधिकारी साबावर उठले.

या प्रवासाचें वर्णन त्यानें लिहिलें आहे. त्याचा आरंभीचा भाग नष्ट झाला असून उरलेल्यांत इटली, माल्टा वगैरे ठिकाणची हकीकत येते. राजकारणाविषयीं तो तोंड उघडीत नाहीं. मंदिरें, ग्रंथालयें, रुग्णालयें, अनाथांची व्यवस्था, हें सर्व मात्र तो बारकाईनें पाहतो. स्वतःच्या देशांत काय नाहीं याची यादीच जणू तो मनांत करीत होता, असें वाचतांना वाटतें.

वाख्तांग इराणांत स्वस्थ बसला नव्हता. तेथें त्यानें काशिफी याच्या ‘अन्वार-इ-सुहैली’चें गुर्जी भाषांतर केलें. काखेतीच्या डेव्हिड राजानें, जो सन १६०२ मध्यें वारला, हें काम पूर्वींच आरंभिलें होतें. तें त्याच्या मृत्यूनें अपुरें राहिलें. वाख्तांगानें तें पुरें करून भाषेच्या संस्कारासाठीं आपल्या गुरूकडे सोंपविलें. वंशावळ वाचकांस ठाऊकच आहे: मूळ संस्कृतावरून नौशिरवानाच्या काळीं बुर्झोयाचें पहलवी, त्यावरून आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फाचें अरबी, त्यावरून बाराव्या शतकांत नस्रुल्लाचें फारसी, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरात येथें काशिफीची नवी सजावट. या काशिफीवरूनच अबुल फजलनें अकबरासाठीं सन १५८८ मध्यें ‘इयार-इ-दानिश’ केला. म्हणजे एकाच ग्रंथाची एक शाखा हिंदुस्थानास परत आली आणि दुसरी तिबिलिसीस गेली.

गुर्जी ग्रंथाचें नांव ‘किलिला व दमना’. अरबी ‘दिम्ना’पेक्षां हें ‘दमना’ आमच्या दमनकास अधिक जवळचें दिसतें. परंतु अरबी लिपींत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यानें द-म-न हीं व्यंजनें तेवढीं प्रवासांत टिकलीं, आणि ज्यानें त्यानें स्वर आपले घातले. अशा साम्यावर इमारत उभी करूं नये. अधिक महत्त्वाची गोष्ट ही कीं, पंचतंत्र गद्यपद्यमिश्र. इब्न अल्-मुकफ्फानें सर्व गद्य केलें. फारसी ग्रंथकारांनीं पुन्हां पद्यें घातलीं. आणि गुर्जींत साबानें वाख्तांगाचें गद्य नीट करून पद्यें स्वतः रचलीं. नीतिवचन श्लोकांत आणि गोष्ट गद्यांत, ही विष्णुशर्म्याची ठेवण अशा रीतीनें कॉकेशसपर्यंत पोंचली. वाख्तांगाचा व साबाचा असे दोन्ही पाठ आज उपलब्ध आहेत, त्यामुळें शिष्याच्या कोणत्या वाक्यावर गुरूनें कसा हात फिरविला हें ताडून पाहतां येतें. संशोधकास असें भाग्य क्वचित् लाभतें.

कथासंग्रह आधींचा आणि हें संस्करण नंतरचें, हा क्रम ध्यानांत असावा. ‘असत्यांतील शहाणपण’ हें संस्करणाचा परिणाम नव्हे.

वाख्तांग सन १७१९ मध्यें परतला. परंतु सफवी सत्ता कोसळत होती. सन १७२३ मध्यें तुर्कांनीं तिबिलिसी घेतली. पुढील वर्षीं वाख्तांग हजाराहून अधिक माणसांसह रशियास निघून गेला. साबाही त्यांत होता. सन १७२५ च्या जानेवारींत मॉस्को येथें त्याचा अंत झाला, आणि नजीकच्या व्सेख्सव्यात्स्कोये या गुर्जी निर्वासितांच्या गांवीं त्यास मूठमाती मिळाली.

आतां आरंभीं सूचित केलेल्या प्रश्नाकडे येतों. वाख्तांगानें सन १७०९ मध्यें तिबिलिसीस छापखाना काढला होता; त्यांत धर्मग्रंथ छापले गेले, सन १७१२ मध्यें रुस्तवेलीचें महाकाव्यही छापलें गेलें. साबाचा कोश छापला गेला नाहीं, कारण तो संपलेलाच नव्हता. साबा एक प्रत पुरी करी, पुन्हां शब्द मिळवी, अर्थ बदली, आणि नवी प्रत लिही. परिणामीं त्याच्या स्वहस्ताक्षरांतील एकाहून अधिक प्रती आज आहेत आणि त्या परस्परांशीं जुळत नाहींत. त्यांवरून पुढील दीडशें वर्षें लेखकांनीं नकला केल्या. कथासंग्रह सन १८५९ मध्यें पीटर्सबर्गास छापला गेला, आणि सन १८९४ मध्यें ऑलिव्हर वॉर्ड्रॉप याचें इंग्रजी भाषांतर विल्यम मॉरिसच्या केल्मस्कॉट छापखान्यांतून अवघ्या २५० प्रतींत निघालें; तीं पुस्तकें आतां संग्राहकांच्या कपाटांतच पाहावयास सांपडतात. कोशास मुद्रणासाठीं सन १८८४ पर्यंत वाट पाहावी लागली. रफिएल एरिस्तावी यानें तो प्रसिद्ध केला. सन १९२८ मध्यें किपशिद्झे व शानिद्झे यांनीं दुसरी आवृत्ति काढली.

पोथी मिळाली कीं ‘ही आमच्याकडे आहे’ म्हणून ती परत करणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. एक प्रत मूळ, बाकीच्या तिच्या सावल्या, ही समजूत त्यामागें असते. साबाच्या बाबतींत ही समजूत धरली असती तर ग्रंथाचा अर्धा इतिहास गेला असता. त्याची पहिली प्रतही मूळ, शेवटचीही मूळ. पहिलींत असलेला अर्थ शेवटचींत बदललेला आहे, एकींत असलेले तुर्की व आर्मेनियन प्रतिशब्द दुसरींत नाहींत. शेवटची तीच प्रमाण मानावी, असें म्हणणें सोपें. परंतु जो अर्थ त्यानें वीस वर्षें मान्य केला व नंतर टाकला, तो कां टाकला हें पाहण्यास आधीची प्रतच हवी. म्हणून इलिया अबुलाद्झे यानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जी आवृत्ति सिद्ध केली ती स्वहस्ताक्षराच्या प्रतींवरून केली, आणि शेवटीं एक निराळीच सूचि जोडली: कोशांत शीर्षशब्द म्हणून न येतां साबानें अर्थ सांगतांना जे शब्द सहज वापरले, त्यांची. जुन्या भाषेचा कोश करतांना त्याच्या स्वतःच्या काळची भाषा त्या अर्थांत नकळत जतन झाली होती; तींतले कित्येक शब्द शोधावयाचे तर ही सूचीच उघडावी लागते.